‘अति’ म्हणजे कशापेक्षा अति?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील राजकीय वार्तापत्रे आणि व्यक्तिचित्रे मी नियमित वाचतो. त्यांत अलीकडे एक विशेषण इतक्या सहजपणे येऊ लागले आहे की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ते विशेषण म्हणजे ‘अतिमहत्त्वाकांक्षी’. पक्ष सोडणारा नेता अतिमहत्त्वाकांक्षी, कर्जात बुडालेला उद्योजक अतिमहत्त्वाकांक्षी, आणि वरिष्ठांशी न पटल्याने राजीनामा देणारी अधिकारी स्त्रीही अतिमहत्त्वाकांक्षीच. त्याच अंकात एखाद्या धरणाला किंवा रस्त्याला ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ म्हटलेले असते आणि तिथे मात्र तो शब्द निव्वळ कौतुकाचा असतो. प्रकल्पाने मोठे असावे आणि माणसाने मात्र बेताने असावे, असा काही संकेत यातून नकळत तयार होतो.

माझा आक्षेप शब्दाच्या कठोरपणाला नाही. तो पुरेसा नेमका नाही, ही माझी तक्रार आहे. मराठीला या बाबतीत शब्दांची वाण कधीच नव्हती. हाव सुटते, म्हणजे ती भुकेसारखी आवरेनाशी होते. हव्यास धरला जातो, म्हणजे त्यात चिकाटी असते, पण ती नको त्या गोष्टीसाठी खर्ची पडलेली असते. पैशाला हपापलेला माणूस आणि सत्तेला चटावलेला माणूस यांत फरक आहे, कारण चटावण्यासाठी आधी चव घेतलेली असावी लागते. सत्तालोलुप, पदलोलुप, प्रसिद्धिलोलुप हे शब्द तर लोभ कशाचा आहे तेच सांगून मोकळे होतात. ईर्षेला मात्र समोर दुसरा कोणी तरी लागतो. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर. मराठीत ‘ईर्षेला पेटणे’ म्हणताना त्यात मत्सराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चुरस असते. यांतला कोणताही शब्द वापरायचा तर त्या माणसाने नेमके काय केले हे लिहिणाऱ्याला आधी माहीत असावे लागते. ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ लिहायला त्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच तो लेखणीवर इतक्या लवकर येतो, असे माझे मत आहे.

‘अति सर्वत्र वर्जयेत्’ हा चरण आपण सगळेच उद्धृत करतो, पण त्याच्या आधीचे चरण विसरतो. अतिदर्पाने लंका गेली, अतिमानाने कौरव गेले, अतिदानाने बळी बांधला गेला, असे ते सुभाषित सांगते. तिथे ‘अति’ एकटे येत नाही. अतिरेक दर्पाचा, मानाचा की दानाचा, हे प्रत्येक वेळी स्पष्ट केलेले आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, तर ‘आकांक्षा’ ही मुळी भाषेच्याच संदर्भातली संज्ञा आहे. एक शब्द उच्चारला की अर्थ पुरा व्हायला दुसऱ्या शब्दाची जी अपेक्षा राहते, तिला तिथे आकांक्षा म्हणतात. ‘आण’ एवढेच म्हटले तर ऐकणारा ‘काय आणू?’ म्हणून थांबून राहतो. पण वाक्यार्थ कळण्यासाठी आकांक्षेबरोबर योग्यता, म्हणजे शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळणे, आणि संनिधी, म्हणजे शब्द लागोपाठ येणे, हीही लागतात. ‘अग्नीने शिंपावे’ या वाक्यात आकांक्षा आहे, योग्यता नाही, म्हणून अर्थ लागत नाही. एखाद्या उमेदवाराविषयी लिहिताना हाच विचार का करू नये? त्याला पद हवे होते ही त्याची आकांक्षा झाली. त्या पदासाठी लागणारी योग्यता त्याच्यापाशी होती की नव्हती, हे तपासून लिहिणे हे वार्ताहराचे काम आहे.

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘महत्त्वाकांक्षा’ योजतो, त्या ‘अँबिशन’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ मते मागत लोकांत फिरणे असा होता. रोमन लोकांनी हे फिरणे आणि मते विकत घेण्याचा गुन्हा यांना वेगवेगळी नावे दिली होती. त्या गुन्ह्याविरुद्ध त्यांनी वेळोवेळी कायदे केले आणि इ. स. पूर्व ६३ मध्ये, प्रसिद्ध वक्ता सिसेरो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी, असताना, त्यासाठी दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठरवली. मर्यादा कुठे ओलांडली गेली हे त्यांना नेमके सांगता येत होते.

आपल्याकडे ही मर्यादा पुष्कळदा निकाल लागल्यावर ठरते. निवडून आला तर त्याने ‘आकाशाला गवसणी घातली’, पडला तर तो ‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता’. गवसणी म्हणजे वाद्यावर घालायची खोळ. आकाशाला ती घालू पाहणे हा मूळ अर्थाने अशक्य गोष्टीचा खटाटोप होता, आता तो यशाचा गौरव झाला आहे. अर्थ बदलतात, त्याची मला खंत नाही. माणूस तोच, धडपड तीच आणि वर्णन मात्र निकालानंतर उलटे, हे मला खटकते.

हे सर्व मी दुरून लिहीत नाही. नोकरीत असताना मी बढतीच्या छाननीचे काम करत असे. एकदा एका जागेसाठी दोन अर्ज होते. दोघेही खात्याच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले होते आणि दोघांनीही नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण पुरे केले होते. पुरुष उमेदवाराच्या अहवालात ‘पुढे जाण्याची जिद्द आहे’ असा शेरा होता. बाईंच्या अहवालात ‘स्वभाव अतिमहत्त्वाकांक्षी’ असा. शेरे वरिष्ठांचे होते, पण दोन्हींखाली दुसरी सही माझी होती, आणि ती मी न अडखळता केली होती. बाईंची बढती हुकली. पुढे एके दिवशी त्यांनी अहवालाची प्रत माझ्या टेबलावर ठेवली. ‘अति’ या दोन अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, अति म्हणजे कशापेक्षा अति?” मला उत्तर देता आले नाही, कारण त्यांच्या कामातले एकही उदाहरण मला आठवेना. ‘जिद्द’ हा मुळात विरोध या अर्थाचा अरबी शब्द. हिंदीत तो बहुधा हट्टासाठी वापरतात, मराठीने मात्र त्याचा सद्गुण केला. तो सद्गुण आम्ही एकाला बहाल केला आणि दुसरीला नाकारला.

जाता जाता शुद्धलेखनाविषयीही लिहितो. ‘महत्’ला ‘त्व’ लागून ‘महत्त्व’ होते, म्हणून ‘महत्त्वाकांक्षा’मध्ये दोन त हवेत. आपल्या अंकात पुष्कळदा एकच छापला जातो.

माझी विनंती एवढीच आहे की बातमीत किंवा लेखात ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ हा शब्द आला, तर त्या व्यक्तीला काय हवे होते, त्यासाठी तिने कोणता नियम मोडला आणि कोणाचा हक्क डावलला, हे त्याच परिच्छेदात लिहिण्याचा आग्रह आपल्या संपादकीय विभागाने धरावा. ते लिहिता येत नसेल, तर तो शब्द कृपया वगळावा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक