दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर चिघळलेल्या जखमांची चौकशी कुठे गेली? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा पोस्टमननं एक सरकारी पाकीट हातात दिलं. आत दोन ओळी. आमच्या तक्रारीची चौकशी झाली असून प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आलं आहे, म्हणजे फाइल बंद. चौकशीत काय सापडलं, कोणती उपकरणं तपासली, जंतू आले कुठून, ह्याबद्दल एक अक्षर नाही. चौकशीला आलेल्या साहेबांनी अहवालाची प्रत प्रत्येकीला मिळेल असं आम्हा सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं. त्या शब्दावर आम्ही गप्प राहिलो. आता गप्प राहणार नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातली. काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते. पित्ताशयात खडे झाले म्हणून आमच्या भागातल्या एका रुग्णालयात दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. टाके सुकले, मी कामावर रुजू झाले. महिनाभरानं बेंबीपाशी गाठ आली, ती फुटली आणि पाण्यासारखा स्राव सुरू झाला. ॲंटिबायोटिक दिलं, थांबला नाही. दुसरं दिलं, थांबला नाही. जखम उघडली, धुतली, शिवली, पुन्हा वाहू लागली. पू तपासायला दिला तर दोन दिवसांत कागद आला की जंतू वाढले नाहीत. वाढतील कसे? ह्या जंतूंना उगवायला तीन दिवसांपासून आठवडाभर लागतो आणि लॅबनं प्लेट दोन दिवसांतच फेकलेली. हे मला खूप नंतर कळलं.

मग स्लाइडवर क्षयासारखे जंतू दिसले आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी, जेवणावरची वासना गेलेली. घरात माझं ताट वेगळं झालं. शेजारची काकी कुंपणापलीकडून विचारायची, "तुका टीबी झालो काय गो?" गणपतीत माझ्या हातचे मोदक तसेच राहिले. मंत्रीसाहेब, मला टीबी नव्हताच. एका चुकीच्या कागदामुळे मी माझ्याच मुलीला महिनोनमहिने जवळ घेतलं नाही. तुमच्या नस्तीत ह्याची नोंद कुठल्या रकान्यात आहे?

शेवटी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गेलो. आम्ही सिंधुदुर्गातली माणसं आजारी पडलो की गोव्याकडेच बघतो. 2018 साली तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, तरी बघतो, कारण दुसरीकडे जायचं म्हणजे घाट चढून कोल्हापूर. तिथल्या डॉक्टरांनी पोट पाहताक्षणी विचारलं, ऑपरेशन दुर्बिणीतून झालं का? तपासणीत मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस निघाला. क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण राहतो मातीत आणि पाण्यात, नळाच्या, टाकीच्या पाण्यातसुद्धा. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. त्याला क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं लागतात, तीही दीर्घकाळ. अमिकासिननं कान आणि मूत्रपिंड बिघडू शकतात, म्हणून अधूनमधून ऐकू येतं का तेही तपासायचं.

इंजेक्शनच्या बाकावरच मला बाकीच्या भेटल्या. एक शिक्षिका, एक लग्न ठरलेली देवगडकडची मुलगी, एक कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली दोन मुलांची आई. ऑपरेशनं वेगवेगळी, पण थिएटर तेच, दिवस जवळजवळचे, आणि जखम तिथेच, जिथून दुर्बीण आत गेली. योगायोग कसला? बाकावरच्या बायकांना जे कळलं ते तुमच्या यंत्रणेला कळू नये?

हे कसं होतं तेही आता मला पाठ झालं आहे. पोटात घालायच्या नळ्या, ज्यांना ट्रोकार म्हणतात, आणि त्यांतून जाणारी लांब उपकरणं. त्यांना सांधे असतात, खाचा असतात, वरून प्लॅस्टिकचं आवरण असतं. खाचेत रक्ताचा कण राहिला तर जंतू मारायचं औषध आत पोचत नाही. प्रत्येक भाग सुटा करून घासायला हवा, मग निर्जंतुक करायला हवा. आमच्याकडे एकच सेट, दिवसाला रांगेनं ऑपरेशनं, म्हणून दोन ऑपरेशनांमध्ये वीस मिनिटं ग्लुटारल्डिहाइड ह्या जंतुनाशक द्रावणात बुडवायचा. थिएटरमध्ये त्याला सायडेक्स म्हणतात. वीस मिनिटांत उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण होतं, संपूर्ण नाही. संपूर्ण व्हायला तेच द्रावण आठ-दहा तास लागतं. आणि द्रावण जुनं झालं, पाणी मिसळून पातळ झालं, तर त्या वीस मिनिटांनाही अर्थ उरत नाही. त्यावर कळस म्हणजे बाहेर काढलेला सेट नळाच्या पाण्यात खळबळायचा. जो जंतू मारला तोच पाण्यातून परत उपकरणावर, आणि तिथून माझ्या पोटात.

तिथल्या एका सिस्टरनंच मला हे सांगितलं. ती रडत होती. सेट दुसरा मिळत नाही, पावसाळ्यात वीज गेली की ऑटोक्लेव्ह, वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, अर्ध्यात बंद पडतो, यादी मोठी असते, काय करू? मी तिला दोष देणार नाही. पण तुमच्या चौकशीनं दोष दिलाच. सिस्टरच्याही खालच्या, कंत्राटी मदतनिसाला नोटीस दिली. दुसरा सेट मागणारी पत्रं ज्यांच्या टेबलावर पडून होती त्यांना कुणी काही विचारलं का?

आणि चौकशी तरी कशी? पथक आलं तोवर थिएटरला जंतुनाशक धुरी (फ्युमिगेशन) देऊन झाली होती, जुनं सायडेक्स ओतून दिलं होतं, टाकी धुतली होती. धुतलेल्या वस्तूंवर कापूस फिरवून काय सापडणार? खऱ्या चौकशीत आधी बाधित रुग्णांची यादी करतात, कोणाचं ऑपरेशन कोणत्या दिवशी, कितव्या क्रमांकावर, कोणत्या सेटनं. मग धुण्याच्या पाण्याचा, द्रावणाचा, उपकरणांच्या आतल्या बाजूचा नमुना घेतात आणि त्यात सापडलेला जंतू रुग्णाच्या जखमेतल्या जंतूशी ताडून पाहतात. माझ्या जखमेतला जंतू लॅबमध्ये वाढलेला होता. त्याच्याबद्दल विचारायला कुणी आलं नाही.

2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठ रुग्णालयात दुर्बिणीतून जंतू पसरले. तिथे धोका पोचू शकला असेल अशा 179 जणांना रुग्णालयानं स्वतः कळवलं, की येऊन तपासून घ्या. आजारी पडले होते सात, कळवलं 179 जणांना. आपल्याकडे बिहारमधल्या मुझफ्फरपूरला नोव्हेंबर 2021 मध्ये एका दिवसात 65 मोतीबिंदू शस्त्रक्रिया झाल्या, पंधरा तरी जणांचे डोळे काढावे लागले आणि थिएटरमध्ये जंतू सापडले. ते कळलं कारण आरडाओरडा झाला. कोकणातली बाई आरडाओरडा करत नाही, पदराआड जखम लपवते. तिच्या गप्प बसण्याचा तुम्ही फायदा घेतला.

ह्याच महाराष्ट्रात 1986 साली जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉल ह्या औषधातल्या भेसळीनं 14 रुग्ण गेले. चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती लेंटिन ह्यांनी कंपनीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारले, अहवाल लोकांसमोर आला आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर आपण काय शिकलो? 2015 पासून स्वच्छ सरकारी रुग्णालयांना कायाकल्पची बक्षिसं आहेत, जानेवारी 2020 मध्ये केंद्रानं संसर्गनियंत्रणाची जाड मार्गदर्शिका काढली. कागद भरपूर आहेत. भिंतीला रंग लागतो, फलक लागतात, सेट मात्र एकच राहतो. कोकणाला नेहमी असंच मिळतं. मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 साली सुरू झालं ते वर्षानुवर्षं रेंगाळलं, आणि गाडीत तळमळणारा रुग्ण त्या खड्ड्यांतून गोव्याला जातो. मतं मागायला मात्र सगळे वेळेवर पोचतात.

माझ्या पोटावर आता तीन खड्डे आहेत. ते भरून येतील न येतील. पण त्या महिन्यांत त्या थिएटरमध्ये दुर्बिणीनं ऑपरेशन झालेल्या आणखी बायका आहेत, ज्या आज कुठल्यातरी वाडीवर टीबीच्या गोळ्या गिळत असतील आणि ज्यांना काहीच माहीत नाही. थिएटरच्या रजिस्टरमध्ये त्या प्रत्येकीचं नाव, गाव आहे. त्यांना बोलवा. आशाताईंना यादी द्या, त्या दोन दिवसांत घरोघर जातील. हे करायला नवा निधी लागत नाही. आणि चौकशीचा अहवाल झाला असेल तर आम्हाला द्या. झालाच नसेल, तर तसं लेखी द्या, तुमच्या सहीनिशी. माहिती अधिकाराचा अर्ज मी आजच टाकला आहे.

आपली,
दुर्बिणीच्या ऑपरेशनची एक रुग्ण,
जिल्हा सिंधुदुर्ग