सतरा नंबरचा फॉर्म आणि तुम्ही

नाशिक

आदरणीय सिस्टर,

सविनय नमस्कार.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तुमच्या कबरीवर झेंडूची फुले ठेवून आले. सगळ्या सिस्टरांचे क्रूस सारखेच साधे असल्यामुळे तुमचे नाव शोधायला जरा वेळ लागला. तुम्ही हयात असताना मी आभाराचा शब्द काढला की तुम्ही "फॉर्मवर सही केलीस का?" असे विचारून विषय बदलत असत, म्हणून तेव्हा राहून गेलेले आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

आपली पहिली भेट १९९५ च्या दिवाळीनंतर दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत झाली. आमचे गाव सुरगाणा तालुक्यात. भात आणि नागली घरात आली की गावातली टोळी मुकादमाबरोबर बागांकडे निघायची आणि फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढण्यापासून डिपिंग (घड औषधात बुडवणे), थिनिंग (मणी विरळ करणे) आणि शेवटी माल उतरवण्यापर्यंत, म्हणजे थेट उन्हाळा लागेपर्यंत, आमचा मुक्काम बागेच्या कडेला ताडपत्रीखाली असायचा. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, त्यामुळे सातवी झाल्यावर माझे शिक्षण कोणी बंद केले असे म्हणता येणार नाही. ते आपोआपच थांबले, आणि धाकट्या भावाची झोळी हलवणे हे माझे काम ठरले.

तुम्ही केरळच्या. मराठीतला ळ तुम्हाला आमच्यापेक्षा स्वच्छ म्हणता यायचा, पण लिंगाशी तुमचे कायमचे वैर होते. "बाबा, तुमचा मुलगी किती शिकला?" असे तुम्ही विचारलेत तेव्हा माझे वडील, जे परक्या माणसाशी सहसा बोलत नसत, हसून म्हणाले, "सिस्टर, मुलगी शिकली म्हणा." तुम्ही लगेच म्हणालात, "मग शिकू द्या ना." पण एवढ्यावर वडील विरघळले असे मात्र झाले नाही. शिक्षणाचे महत्त्व वगैरे तुम्ही एका शब्दाने सांगितले नाहीत. टोळी गावी कधी परतणार, पुढच्या हंगामात कोणत्या बागेवर जाणार, एवढेच वहीत लिहून घेतलेत आणि त्या त्या ठिकाणी हजर राहिलात. चौथ्या भेटीत वडिलांनी मनातला प्रश्न विचारला, की पोरीला बाटवणार तर नाही ना? तुम्ही रागावला नाहीत. "बाबा, तुमचे देव तुमच्याकडेच राहू द्या, मला फक्त तिचा दाखला द्या," असे म्हणालात. पुढची पाच वर्षे मी तुमच्या वसतिगृहात राहिले. सिस्टर सकाळी प्रार्थनेला जात तेव्हा आम्ही राहिलेला गृहपाठ उरकत असू, आणि फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गेलो तर अवघ्या शहरातून सगळ्या धर्मांचे लोक जातात तसेच, बरेचसे जत्रेच्या ओढीने. वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि तुमचे उत्तरही खोटे ठरले नाही, हे येथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

तो दाखला मात्र सहजी मिळाला नाही. शाळा सुटलेल्या मुलांना खासगीरीत्या दहावीला बसण्यासाठी बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. माझ्या दाखल्यावर नाव एक, घरात नाव दुसरे, आणि जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने लावलेली १ जून. त्या एका कागदासाठी तुम्ही नाशिकहून दिंडोरी, वणी करत एसटीने तीनदा सुरगाण्याला आलात, एका कार्यालयात दिवसभर बाकावर बसवून संध्याकाळी "उद्या या" सांगितले गेले तेव्हा मुक्कामाला आमच्या घरी येऊन चुलीपुढे नागलीची भाकरी खाल्लीत, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्याआधी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसलात. शेवटी प्रतिज्ञापत्र झाले, फॉर्म भरला गेला आणि मार्च १९९७ मध्ये मी परीक्षेला बसले. गणितात काठावर सुटले.

तेव्हा मला वाटायचे की इतकी शिकलेली बाई असल्या खर्डेघाशीत दिवस का घालवते. तिने वर्गात उभे राहून शिकवावे. आता मी स्वतः पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे आणि माझे मत बदलले आहे. शिकवणारे पुष्कळ भेटतात. आमच्यासारख्या मुलींची शाळा बहुतेक वेळा फळ्यापाशी सुटत नाही, ती टेबलापाशी सुटते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला मूल अडवता येणार नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १९९६ मध्ये असा कायदा नव्हता. त्या बाकावर त्याच्या जागी तुम्ही बसलेल्या होतात.

वर्गातही तुमची तऱ्हा वेगळी होती. कोलकात्याच्या सियालदह येथील लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी रस्त्यावरच्या मुलींना शाळेतच आणून शाळेतल्या मुलींकडून शिकवण्याचा उपक्रम १९८५ मध्ये सुरू केला होता, त्याची गोष्ट तुम्ही आम्हाला वारंवार सांगत असत आणि त्याच धर्तीवर मोठ्या मुलीला धाकटीजवळ बसवत असत. पुढे २००७ मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुमचा आनंद असा होता की जणू घरातच कोणाला मिळाली आहे. आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचा मान तुम्ही नेहमी वसतिगृहातल्या सर्वात नव्या मुलीला देत असत.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी आजही सहमत नाही. आम्ही आपसात कोकणी, म्हणजे आमच्या भागातली आदिवासी बोली, बोललो की तुम्ही "शुद्ध मराठी!" म्हणून दटावत असत, आणि तेही "माझा वही कुठे गेला" असे विचारता विचारता. माझ्या पहिलीच्या वर्गात मी आधी मुलांच्या घरच्या बोलीत बोलते आणि मग हळूहळू पुस्तकाच्या मराठीकडे येते. तुम्ही असतात तर यावर आपला वाद झाला असता.

तुम्ही भरलेल्या परीक्षा शुल्काचे पैसे वडिलांनी पुढच्या वर्षी एक पोते नागली आणून फेडले होते. ते तुम्ही नाकारले नाहीत, पोत्याचा हिशेब वहीत लिहिलात आणि वडिलांची सही घेतलीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली होती. ती त्यांना तुम्ही आदल्या दोन रविवारी शिकवली होती, हे मला फार उशिरा कळले. त्यासाठीचे आभार वेगळे.

यंदा दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या दोन मुली टोळीबरोबर निफाडकडे गेल्या. आता अशा मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक असते. ते भरून मी दोघींच्याही आयांच्या हाती दिले आणि कोणती बाग, परत कधी, हे तुमच्यासारखेच वहीत लिहून घेतले. एकीला तिकडच्या शाळेत बसवून घेतल्याचा फोन काल आला. दुसरीचा अजून आलेला नाही. रविवारी त्या बागेवर जाऊन येणार आहे.

आपली,
सुरगाण्याची एक विद्यार्थिनी