बर्फाच्या टायरचा तक्ता छापला, खालची ओळ कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला विंटर टायरचा लेख वाचला. ड्राय, वेट आणि स्नो असे तीन कॉलम, प्रत्येक टायरला मार्क, वर मथळा 'थंडी आली, टायर बदला'. लेख वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, माहिती बरीचशी बरोबरच आहे. पण तो नागपूरच्या आवृत्तीत जसाच्या तसा छापताना, हे मार्क किती डिग्रीला काढले ही एक ओळ कोणी घातली नाही आणि त्या ओळीपायी माझ्या घरात रविवारी भांडण झालं, म्हणून लिहितोय.

माझ्या भाच्याने हिमाचलकडची सेकंडहँड एसयूव्ही घेतली. गाडी चांगली आहे, पण तिला चारही टायर विंटरचे, साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं ते चिन्ह. इथल्या एका टायरवाल्याला दाखवले तर तो म्हणे इम्पोर्टेड क्वालिटी आहे, काढू नका, आरामात दोन वर्षं चालतील. अलाइनमेंटचे पैसे मात्र घेतले. मे महिन्यात आम्ही अमरावती रोडने कोंढाळीच्या पुढे गेलो तेव्हा दुपारी रस्ता नुसता तापलेला आणि वळणावर गाडी अशी तरंगल्यासारखी जायची की माझी बहीण मागून ओरडली, हळू चालव रे बाबा. समोर ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा ब्रेक लागला पण गाडी थांबता थांबेना. कुणाला काही झालं नाही हे नशीब. खाली उतरून बघितलं तर टायरच्या ठोकळ्यांच्या कडा पार झिजलेल्या.

त्यात टायर बनवणाऱ्या कंपनीचा दोष नाही. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, साधारण 7 डिग्रीच्या खाली साधा टायर कडक होतो आणि हा लवचिक राहतो, तेच त्याचं काम. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि खाचांमध्ये दाबला गेलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. तेच ठोकळे आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात आणि त्याहून कितीतरी जास्त तापलेल्या डांबरावर ब्रेक मारला की लवून जातात, टायर लवकर घासतो आणि ब्रेकचं अंतर वाढतं. आपल्याकडे 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 पर्यंत उतरला होता हे मान्य, पण ती पहाट होती, आणि नागपूरच्या हिवाळ्यात दुपारी लोक स्वेटर काढूनच फिरतात ना.

हे सगळं मी भाच्याला महिनाभर समजावून सांगितलं, शेवटी तो टायर बदलायला तयार झाला. आणि रविवारी तुमच्या तक्त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. "मामा बघा, ड्रायमध्ये आपलाच टायर पयला आहे, काऊन बदलायचा?"

आता सांगा मी काय बोलू. तो पहिला आहे तो बाकीच्या विंटर टायरांमध्ये पहिला आहे! साध्या टायरशी तुलना केलेलीच नाही. अशा चाचण्या युरोपात होतात, जर्मनीची एडीएसी ही वाहनचालकांची संस्था दरवर्षी करते, आणि त्या तिथल्या वाचकासाठी असतात ज्याचं विंटर टायर घ्यायचं आधीच ठरलंय, आता कोणता घ्यायचा एवढंच त्याला बघायचंय. वेटच्या कॉलमचंही तसंच, थंड ओल्या रस्त्यावर विंटर टायर चांगलाच पकडतो पण जुलैच्या कोमट पाण्यात साधा चांगला टायर आधी थांबतो. ड्रायचे मार्क किती डिग्रीला काढले ते तक्त्याखाली लिहिलं असतं तर माझ्या भाच्याला एका मिनिटात कळलं असतं, तो काही अडाणी नाही, इंजिनिअर आहे. छापलेल्या तक्त्यावर माणूस विश्वास ठेवतो हो, टायरवाल्याच्या बोलण्यापेक्षा जास्त ठेवतो.

मनाली-लेहला गाडी घेऊन जाणारे नागपूरकर आहेत, त्यांच्यासाठी छापला म्हणाल तर त्यांना लागणारी गोष्टच लेखात नाही. बर्फ पडला की अटल टनेलकडे फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या सोडतात, म्हणजे चार दिवसांच्या ट्रिपला चेन पाहिजे, चार नवे टायर नाही. आणि विंटर टायरच्या नक्षीची खोली 4 मिमीच्या खाली गेली की बर्फावरचा त्याचा उपयोग बराच संपतो, ऑस्ट्रियात तर कायद्यानेच 4 मिमी लागते. जुने विंटर टायर स्वस्तात मिळाले म्हणून घेणाऱ्याला हे कोण सांगणार?

आपल्याला लागतं ते छापा ना. टायरवरचा चार आकडी कोड कसा वाचायचा, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे, म्हणजे दुकानात पडून राहिलेला जुना माल कोणी नवा म्हणून गळ्यात मारणार नाही. कारच्या टायरला कायद्याने किमान 1.6 मिमी नक्षी लागते पण पाण्यावर गाडी तरंगायचा धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. समृद्धीवर 120 ने जाणाऱ्यांसाठी हवा किती ठेवायची, 2023 मध्ये आरटीओने तिथे गोटा टायरवाल्या गाड्या परत पाठवल्या होत्या ते आता कितपत चालू आहे. केंद्राने 2022 साली टायरच्या वेट ग्रिपचा, म्हणजे ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा नियम काढला, ते रस्ते वाहतूक खातं तर आपल्याच खासदारांकडे, गडकरींकडे आहे, त्याचं दुकानात पुढे काय झालं हे तुमचा वार्ताहर एका दिवसात विचारून येईल.

वेट ग्रिपवरून आठवलं, आमच्या प्रतापनगरात सिमेंट रोड एवढा वर आलाय की पावसात पाणी रस्त्यावरून सरळ कंपाउंडमध्ये येतं आणि जिथे सिमेंट संपून डांबर लागतं तिथे डबकं साचतं, टू-व्हीलरवाले रोज तिथे घसरतात. त्याबद्दल मी आधीही पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाही. टायर कितीही चांगला असला तरी त्या डबक्यात काही चालत नाही, तेव्हा फोटोग्राफर पाठवा, मी जागा दाखवतो.

तक्त्याचा खुलासा मात्र याच आठवड्यात द्या, आणि ठळक द्या. भाच्याने टायरवाल्याला सांगून ठेवलेली ऑर्डर कॅन्सल केली आहे आणि पुढच्या शनिवारी तो मुलांना घेऊन शिर्डीला निघतोय.

आपला,
एक जुना वाचक, प्रतापनगर, नागपूर