मधुमेहाच्या कार्डावर हृदयाला जागा द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यात आला की बोटाला सुई टोचतात, साखरेचा आकडा कार्डावर चढतो, गोळ्या मिळतात आणि पुढची तारीख पडते. हृदयाची खबर त्या कार्डाला नसतेच. आमची मागणी या कार्डापुरतीच आहे : त्यावर हृदयासाठी चार रकाने वाढवावेत.

नुसती साखर उतरवून हृदय वाचत नाही. २००८ च्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६ टक्क्यांच्या खाली नेण्याचा आटापिटा झालेल्या गटात मृत्यू उलट वाढले. डेन्मार्कच्या ‘स्टेनो-२’मध्ये मात्र साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकाच वेळी हाताळले गेले, त्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे आघात जवळपास निम्म्यावर आले.

पहिला रकाना रक्तदाबाचा. तो मोजला जातो, पण बऱ्याचदा चुकीचा. रांगेतून धापा टाकत आलेल्याच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळून मिळालेला आकडा कामाचा नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसवावे, हात हृदयाच्या पातळीत, बोलणे बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर दाब जास्त दिसतो, म्हणून मोठा पट्टाही हवाच. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली. मधुमेहाने मज्जातंतू कमजोर झालेल्यांचा दाब उभे राहताच कोसळतो. औषध वाढवण्याआधी तो उभ्यानेही मोजावा.

दुसरा रकाना एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लागते, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापले असले तरी. धोका जास्त असेल तर एलडीएल ७० च्या खाली हवे, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ५५ च्या. घोळ होतो तो पुढे : रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद होते. तो चांगला आला गोळीमुळेच!

तिसरा रकाना सर्वांत दुर्लक्षित : लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून किती प्रथिन गळते याचे माप, वर्षातून एकदा, शक्यतो सकाळच्या नमुन्यावर. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा अधिक आले की मूत्रपिंडाइतकाच हृदयालाही इशारा समजावा. ताप, संसर्ग किंवा दमवणाऱ्या व्यायामानेही ते तात्पुरते वाढते, म्हणून पुन्हा तपासून खात्री करावी.

चौथ्या रकान्याला यंत्र लागत नाही, प्रश्न लागतात. बधिर मज्जातंतूंमुळे मधुमेहीला झटका छातीत न दुखताही येतो. तेव्हा जिना चढताना दम, अकारण घाम, पायांवर सूज, रात्री दम लागतो म्हणून उशा वाढवाव्या लागणे, हे विचारावे. सूज आणि दम असलेल्याला पायोग्लिटाझोन ही साखरेची गोळी देऊ नये. ते शरीरात पाणी साठवते.

हृदय निकामी होणे किंवा मूत्रपिंडाचा बिघाड असलेल्यांना एसजीएलटी२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) औषधे साखर किती आहे हे न पाहताही उपयोगी पडतात. ती पुरवावीत, पण सूचनेसह : उलट्या होत असताना किंवा खाणे बंद असताना थांबवावीत, ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस बंद ठेवावीत. नाहीतर साखर फार न वाढताच रक्तात आम्ल साठते आणि ग्लुकोमीटर पाहून कोणाला शंकाही येत नाही.

कार्डाच्या पुढच्या छपाईत हे चार रकाने घालावेत. आणि प्रत्येकाशेजारी ‘आज औषधात काय बदल केला?’ अशी एक मोकळी ओळ ठेवावी. आकडा लिहायचा आणि गोळ्या मागच्याच द्यायच्या, ही सवय त्या कोऱ्या ओळीत लगेच दिसेल.

आपले,
मधुमेहावर उपचार करणारे डॉक्टर