सभागृहाच्या स्पीकरवर येणाऱ्या आवाजाबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: हॅम रेडिओचा आवाज सभागृहाच्या स्पीकरवर येण्याचे कारण व दुरुस्तीची परवानगी

महोदय,

वार्षिक सभेत हिशोब वाचून दाखवले जात असताना स्पीकरमधून जो चिरका, न कळणारा आवाज आला, तो माझाच होता. त्या वेळी मी घरातून हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचावर, ७ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर बोलत होतो. सभेचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. गच्चीवरची माझी अँटेना उतरवावी असा अर्ज आपल्याकडे आल्याचे समजले. निर्णयाआधी, रविवारी सेक्रेटरींसमोर केलेली तपासणी आपल्या कानावर घालतो.

माझा परवानाधारक मित्र वर रेडिओवर आकडे मोजत होता, मी खाली ॲम्प्लिफायरपाशी. आधी माइक काढला. आवाज तसाच. मग व्हॉल्यूमचे बटण शून्यावर आणले, तरी तेवढाच! इथेच धागा सापडला. माझ्या रेडिओच्या लहरी माइकच्या वायरीतून शिरत असत्या, तर बटण फिरवताच आवाज बसला असता. म्हणजे त्या बटणाच्या पुढे कुठेतरी शिरत होत्या. लांबच्या कोपऱ्यातल्या स्पीकरची वायर सोडवली आणि जवळचा स्पीकरही गप्प झाला.

ती वायर मोजली, साडेदहा मीटर भरली. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ मीटर असते. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी वायर म्हणजे आयती अँटेनाच. तिने पकडलेल्या लहरी ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर ऐकू येणाऱ्या आवाजात बदलतात. मी सिंगल साइडबँडवर, म्हणजे आवाजाच्या लहरीचा फक्त एक भाग पाठवणाऱ्या पद्धतीने बोलतो, म्हणून शब्द न कळता बदकाच्या ओरडण्यासारखे काहीतरी ऐकू येते.

माझ्याजवळच्या फेराइटच्या (रेडिओ लहरी अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कडीतून वायर एकदा ओवली, तर फारसा फरक पडला नाही. मग दोन्ही तारा एकत्र धरून, ॲम्प्लिफायरच्या अगदी लगत आठ वेढे दिले. लहरींना होणारा अडथळा साधारण वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जवळजवळ ६४ पट झाला आणि आवाज पूर्ण थांबला. भाषणाच्या आवाजावर याचा परिणाम होत नाही, कारण त्याचा प्रवाह एका तारेतून जातो, दुसरीतून परत येतो, आणि कडीत दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडतो. १४ मेगाहर्ट्झवर मात्र अजून पुसटसे ऐकू येते. ते विजेच्या वायरीतून येत असावे, तिथेही एक कडी लागेल.

मीही माझ्या रेडिओची शक्ती १०० वॅटवरून ५० वर आणून पाहिली. आवाज जरासाच उतरला. अँटेनाच्या केबलवर चोक (अशाच लहरी अडवणारे वेटोळे) बसवला आहेच, पण खरा इलाज सभागृहातल्या वायरींवरच आहे.

तरी या कड्या स्वखर्चाने कायमच्या बसवण्याची परवानगी द्यावी, आणि अँटेनाचा विषय त्यानंतरच्या चाचणीपर्यंत थांबवावा, ही विनंती. तोवर सभागृहात कार्यक्रम असताना मी प्रक्षेपण करणार नाही. तारखा आधी कळवाव्यात.

आपला,
वरच्या मजल्यावरील एक सभासद

ता. क. कुणाच्या घरी टीव्ही किंवा स्पीकरवर असाच आवाज येत असेल, तर दिवस आणि वेळ लिहून ठेवायला सांगावे. माझ्या लॉगबुकात प्रत्येक संभाषणाची वेळ आहे. ती जुळवून पाहू आणि मी स्वतः घरी येऊन तपासेन.