गाईच्या पोटाची शस्त्रक्रिया तालुक्यात व्हावी

महोदय,

आमची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन जातीची) गाय व्यायल्यावर दुसऱ्या आठवड्यात पेंडीला तोंड लावेना. कडबा तेवढा चघळायची. दूध निम्म्यावर आले. अपचन समजून औषधे चालली, उतार पडेना. अखेर एका तरुण पशुवैद्यकाने डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून शेवटच्या बरगड्यांवर बोटाने टिचकी मारली आणि मलाही ऐकवले. रिकाम्या पिंपावर वाजावे तसा टणटण आवाज! चौथे पोट सरकल्याच्या निदानाला एवढेच लागते, पण ते करणारा कान हवा.

गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांतले हे चौथे पोट खाली, थोडे उजवीकडे असते. व्याल्यावर आत जागा होते. त्यात कॅल्शियम कमी, वैरण कमी आणि खुराक एकदम वाढवलेला. मग ते पोट मंदावते, वायूने फुगते आणि डावीकडे वर सरकते. गाईला उताणी लोळवून ते जागेवर आणता येते, पण बऱ्याचदा पुन्हा सरकते. खात्रीचा उपाय शस्त्रक्रियाच. गाय खोड्यात उभी असतानाच उजव्या कुशीत भूल देऊन करता येते. आमची दोन दिवसांत रवंथ करू लागली.

ही सोय गावाजवळ नाही. आजारी गाय टेम्पोत घालून दूर न्यायची की खाटकाला द्यायची, असा प्रश्न पडतो. १९६२ वर फोन केला की फिरते पथक येते, ही सोय चांगलीच आहे. पण प्रत्येक तालुक्याच्या पशुचिकित्सालयात ही शस्त्रक्रिया करणारा एक तरी डॉक्टर नेमावा, ही पशुसंवर्धन विभागाला कळकळीची विनंती.

– एक दूध उत्पादक, संगमनेर तालुका