‘हं, ओढा’ म्हणणाऱ्या आजींना

आजी,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे परवापर्यंत ते मलाच माहीत नव्हतं. आमच्या स्काउट पथकाच्या वहीत ‘अडचणीत कोणाला कळवावे’ या रकान्यात तुमच्या नातवापुढे त्याच्या वडिलांचं नाव आहे. तुम्ही माझ्या लेखी फाटकाशी थांबणाऱ्या, कधीच उशीर न करणाऱ्या छत्रीवाल्या आजी होतात. तीन वर्षांत आपलं बोलणं म्हणजे मान हलवण्यापुरतं.

पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. उघडच लिहितोय, कारण शिबिर संपलं त्या रविवारी आणखी कोण कोण तिथं होतं आणि किती वेळ होतं, हेही त्यात येणार आहे. ज्यांना स्वतःची ओळख पटेल त्यांना पटू दे.

शिबिराची रात्र पावसाची गेली हे तुमच्या नातवानं सांगितलंच असेल. जुन्या सुती तंबूचं एक पथ्य असतं: पाऊस पडत असताना आतून कापडाला हात लावायचा नाही. जिथं बोट टेकतं तिथून पाणी झिरपायला लागतं. हे मी निघायच्या आधी चोवीस मुलांना बजावून सांगितलं, म्हणजे बोट नेमकं कुठं लावून बघायचं ते त्यांना मीच शिकवलं. तंबूच्या दोरीला मराठीत तणावा म्हणतात. सुती तणावा भिजला की आखडतो, आणि मग खुंटी उपटते नाहीतर कापड फाटतं. म्हणून पाऊस लागला की उठून एकेक तणावा सैल करत फिरावं लागतं. रात्री दोन वाजता विजेरी दातांत धरून मी तेच करत होतो. ज्यानं त्या दोरीचं हे नाव ठेवलं त्यानं आयुष्यात एकदा तरी मुलांचं शिबिर नेलेलं असणार.

माझ्याबरोबर दुसरा मोठा माणूस म्हणून होता तो आमच्याच पथकातून मोठा झालेला एकोणीस वर्षांचा पोरगा. खरं तर यायचे होते दुसरेच एक गृहस्थ. शुक्रवारी रात्री त्यांचा निरोप आला, ‘अचानक काम निघालं, सॉरी.’ मुलांच्या सोबत मोठी माणसं किमान दोन हवीत, एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर थांबायचं नाही, हा आता जवळपास सगळीकडच्या स्काउटिंगमध्ये कडक नियम आहे, आणि तो असायलाच हवा. त्या पोरानं स्वतःची परीक्षा तोंडावर असताना पिशवी भरली म्हणून शिबिर झालं. नाहीतर शनिवारी सकाळी चोवीस मुलांना फाटकातून परत पाठवायची वेळ आली असती, आणि ते कळवायचं कामही माझ्याकडेच आलं असतं.

आता रविवार दुपार. ऊन पडलं होतं, पाचही तंबू उघडून गवतावर पसरले होते. ओला तंबू गुंडाळून ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि ते ठिपके मग तंबूबरोबरच म्हातारे होतात. म्हणून शिबिर संपलं तरी शिबिर संपत नाही. मुलं घरी जातात आणि कापड मागं राहतं. यासाठी मी आठवडाभर आधी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं: ‘तंबू वाळवून घड्या घालायला चार-पाच जण दोन तास थांबाल का?’ सतरा जणांनी अंगठा दाखवला. अंगठा दाखवणे याचा आपल्या भाषेत अर्थ काय, ते मला रविवारी तीन वाजता आठवलं.

गाड्या आल्या, काचा खाली झाल्या, मुलं आत गेली. एकीनं विचारलं, ‘एक मोजा कमी आहे, बघता का जरा?’ एकानं सल्ला दिला की पुढच्या वेळी हवामान बघून तारीख ठरवावी. तोही चांगल्या मनानंच दिला असणार. एक गृहस्थ किल्ली फिरवता फिरवता म्हणाले, ‘सर, काही मदत लागली तर सांगा हं.’

या वाक्याबद्दल मला बरंच बोलायचंय, आजी. गेली नऊ वर्षं मी ते ऐकतोय. म्हणणारा माणूस वाईट नसतो. पण वाक्याची गंमत अशी की ते मदत देत नाही, एक काम वाढवतं. आता मी विचार करायचा की यांना काय सांगू, यांना काय जमेल, किती वेळ आहे, समजावून सांगण्यापेक्षा स्वतःच केलेलं बरं का. तोवर समोरच्याची गाडी सुरूच असते. मग आपण ठरलेलं उत्तर देतो, ‘नको नको, होईल.’ दोघांचीही सुटका होते, आणि कापड गवतावर तसंच राहतं.

आमच्या वरच्या मंडळींबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवशी ध्वजारोहणाला इस्त्रीचे स्कार्फ घालून सगळे होते. रविवारी चार वाजता निरोप आला, ‘अहवाल आणि फोटो उद्यापर्यंत.’ बस, एवढंच.

माझ्या एकोणीस वर्षांच्या सहकाऱ्याला गाडी पकडायची होती. मीच त्याला पिटाळलं. उरलो मी, पाच तंबू आणि पाठपिशवीवर बसलेला एक मुलगा. त्याच्या घरच्यांना यायला अजून तास होता. म्हणजे ज्या नियमावर मी दरवर्षी नव्या पालकांना व्याख्यान देतो, तोच माझ्या हातून मोडायच्या बेतात होता. आणि तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलंही नाही, इतका मी थकलो होतो.

तेव्हा तुम्ही निघालाच होतात. नातवाच्या पाठीवर पिशवी चढलेली, तुमची छत्री हातात. फाटकाशी थांबून तुम्ही मागं वळून पाहिलंत आणि विचारलंत, ‘याचं कोणी आलं नाही?’ मी म्हटलं, ‘येतायत, तासभर लागेल.’ तुम्ही नातवाला म्हणालात, ‘ठेव खाली पिशवी.’

मी तंबूचं एक टोक दगडाखाली दाबून दुसरं ओढत होतो. मोठं कापड एकट्यानं घडी करायचा हा खटाटोप ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे. मधला भाग लोळतो, वारा शिरतो, तुम्ही इकडचं सरळ करता तोवर तिकडचं वाकडं होतं. तुम्ही छत्री गवतावर आडवी ठेवलीत, दगड पायानं बाजूला केलात, दोन्ही कोपरे उचललेत आणि म्हणालात, ‘हं, ओढा.’

बास. मदत हवी का, कसं करायचं, यातलं काही विचारलंत नाही. ‘हं, ओढा.’

आपण कापड ताणलं, झटकलं, राहिलेलं पाणी उडालं. मग तुम्ही माझ्याकडे चालत आलात. घडी घालताना दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं असतं, हे मी विसरूनच गेलो होतो. माझ्या चिमटीतले कोपरे तुम्ही तुमच्या चिमटीत घेतलेत, वाकून खाली लोंबणारी कड उचललीत आणि पुन्हा मागं गेलात. चादरींच्या घड्या जन्मभर घातलेल्या हातांना तंबू काय आणि चादर काय. दुसऱ्या तंबूपासून आपल्याला बोलायचीही गरज पडली नाही. मधेच तुम्ही दोन्ही पोरांना गवतातल्या खुंट्या शोधायला पिटाळलंत, ‘ज्याला जास्त सापडतील तो जिंकला’ म्हणून. तोपर्यंत पिशवीवर मुकाट बसलेला तो मुलगा पाच मिनिटांत गुडघ्यांवर रांगत ओरडत होता. तुम्हाला स्काउटिंगमधलं ओ की ठो येत नाही म्हणालात. खेळ लावून काम करून घ्यायचं, एवढ्याच पायावर ही सगळी चळवळ उभी आहे, आजी.

मी प्रशिक्षित माणूस आहे बरं का. माझ्या गळ्यात दोन लाकडी मणी असतात ना, त्याला वुड बॅज म्हणतात. १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कला या बॅजसाठीचं प्रौढ स्वयंसेवकांचं पहिलं प्रशिक्षण झालं, तेव्हापासून जगभर हे मणी देतात. त्यासाठी मी गाठी शिकलो, नकाशे शिकलो, स्कार्फची झोळी करून मोडका हात कसा बांधायचा ते शिकलो. शिबिर संपल्यावर कापडाचं दुसरं टोक कोण धरणार, हा धडा त्यात नव्हता. त्याआधी बारा वर्षं, १९०७ च्या ऑगस्टमध्ये, स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. चार पेट्रोल होती (पेट्रोल म्हणजे मुलांची टोळी, गाडीतलं नव्हे), लष्करी तंबू होते, शेकोटी होती. मी त्या शिबिराबद्दल हाताला लागेल ते वाचलंय. परतताना ते तंबू कोणी वाळवले हे मात्र माझ्या वाचनात कुठं आलं नाही. कोणीतरी वाळवले असणारच.

मुलांना आम्ही रोज एक सत्कृत्य करायला सांगतो. जुनी पद्धत अशी की आठवण म्हणून स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. आमच्यातल्या एका महाभागानं रोजची कटकट नको म्हणून रविवारीच सात गाठी मारल्या होत्या. मी हसलो, पण मोठ्यांचंही तेच चालतं. गाठी मारून झालेल्या असतात, ग्रुपवर अंगठे दिलेले असतात, सोडायचं तेवढं राहून जातं. तुमच्याकडे ना स्कार्फ, ना गाठ. पाचव्या तंबूपाशी मी तुम्हाला तो दोन मोठ्यांचा नियम सांगितला, तुम्ही थांबलात म्हणून मी केवढ्या पेचातून सुटलो ते सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ‘नियम कशाला? पोर एकटं बसलेलं दिसत होतं की.’

दिसत तर सगळ्यांनाच होतं, आजी.

आता एक कबुली. शिबिर संपलं की राजीनामा लिहायचा, हा माझा जुना छंद आहे. दर वेळी दोन पानं भरतात. कोणी काय केलं नाही याची यादी, ठेवणीतले दोन टोमणे, शेवटी ‘तरीही पथकाला शुभेच्छा’. लिहून झालं की राग उतरतो आणि मी पुढच्या हाइकच्या तयारीला लागतो. या वेळी शनिवारी रात्री, तणावे सैल करून आल्यावर, फोनवर दोनच ओळी लिहिल्या: ‘पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही. साहित्याची यादी सोबत जोडली आहे.’ टोमणा एकही नाही. राग नव्हताच आणि त्याचीच मला भीती वाटली. साहित्याची यादीसुद्धा खरोखर जोडली होती.

त्या ओळी मी अजून खोडलेल्या नाहीत. खोटं कशाला सांगू? एका दुपारी कोणी कापड धरलं म्हणून नऊ वर्षांचा शीण जात नाही. पुढच्या शिबिराला पुन्हा कोणाचं तरी अचानक काम निघेल, कोणाचा तरी मोजा हरवेल. पण त्या पाठवलेल्याही नाहीत. रविवारी घरी गेलो तेव्हा हात दुखत होते, पाठ दुखत होती, आणि मी कोणाबद्दलही मनात भाषण करत नव्हतो. असं फार दिवसांनी झालं.

तुम्ही निघताना मी ‘थँक्यू आजी’ असं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यानं भागलं नव्हतं म्हणून हे पत्र. आभार मानतो. डाव्या हातानं हस्तांदोलन करायची आमच्यात रीत आहे. ते त्या दिवशी राहिलं.

तुमचा,
नातवाचे स्काउटचे सर

ता. क. – तीन नंबरच्या तंबूच्या शिवणी ओल्या राहिल्या असाव्यात असं वाटलं म्हणून परवा तो पुन्हा उघडला. घडीत तुमच्या चष्म्याची डबी निघाली. चष्मा आत शाबूत आहे. त्यावरच्या चिठ्ठीमुळे तुमचं नाव कळलं. शनिवारी घेऊन येतो. आणि दोघा पोरांना सांगा, खुंट्या मोजल्या, अजून चार कमी आहेत.